सहाव्या फेरीला घरी

"उजवी वर, वरची डावीकडे, उजवी खाली, वरची उजवीकडे." आठवीतल्या भाचीनं मला दिलेला पहिला मंत्र हा. नीट जुळलेला रुबिक्स क्यूब माझ्या हातात ठेवून ती म्हणाली, "मामा, एवढंच सहा वेळा कर. मधे थांबायचं नाही आणि रंगांकडे तर अजिबात बघायचं नाही."

बघायचं नाही म्हटल्यावर मी बघितलंच. पहिल्याच फेरीत क्यूब बिघडला, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत लाल-हिरव्याची खिचडी झाली, चौथीला मी कबूल करणार होतो की माझं काहीतरी चुकलंय. पण पाचवी झाली, सहावीतलं शेवटचं वळण फिरलं आणि सगळे रंग आपापल्या जागी. कुणी हातचलाखी करावी तसं. हातचलाखी करणारा मीच होतो, आणि ती मला कळली नव्हती. भाची मात्र निवांत बिस्किट बुडवून खात होती.

नंतर कागद-पेन घेऊन बसलो. त्या चार वळणांच्या एका फेरीत क्यूबचे फक्त सात ठोकळे हलतात: तीन कडांवरचे, चार कोपऱ्यांवरचे. बाकीचे जागेवरच राहतात किंवा जाऊन परत येतात. कडांचे तीन एकमेकांच्या जागी गोल फिरतात, म्हणून दर तिसऱ्या फेरीला घरी. कोपऱ्यांच्या जोड्या आपसात अदलाबदल करतात, म्हणून दर दुसऱ्या फेरीला आपल्या जागी. पण जागी आले तरी तोंड दुसरीकडे! रुसलेल्या माणसासारखे. तीन वेळा असं येऊन गेल्यावर, म्हणजे सहाव्या फेरीला, ते सरळ बघतात. तीनचं आवर्तन आणि सहाचं आवर्तन एकत्र समेवर येतं ते सहावर. मंत्रातली शेवटची दोन वळणं काढून टाकली आणि नुसतं "उजवी वर, वरची डावीकडे" करत राहिलं, तर सम येते १०५व्या फेरीला. मी करून बघितलं. दोनदा मोजण्यात चुकलो, तिसऱ्यांदा आली.

इतकी वर्षं मी क्यूब म्हणजे ५४ रंगीत चौकोन समजत होतो. माझ्यासारखा प्रत्येक नवशिका हीच चूक करतो: पांढरे नऊ चौकोन एका बाजूला गोळा करतो, अभिमानानं घरभर दाखवतो, आणि शेजारच्या बाजूंवर त्याच ठोकळ्यांचे उरलेले रंग कसेही बसलेत हे त्याच्या गावी नसतं. रंग सुटे नसतातच. कडेच्या ठोकळ्याला दोन रंग, कोपऱ्याच्याला तीन. पांढरा-लाल ठोकळा पांढऱ्याच्या आणि लालच्या मधेच बसला पाहिजे, दुसरीकडे त्याला घर नाही. आणि घर कुठलं हे कसं ठरतं? प्रत्येक बाजूच्या मधल्या चौकोनावरून. ते सहा मधले आतल्या आसांवर बसवलेले असतात, फक्त जागच्या जागी फिरतात. पांढऱ्याच्या पाठीशी पिवळा, तो जन्मभर तिथेच. उरले १२ कडांचे आणि ८ कोपऱ्यांचे, असे वीस फिरते रहिवासी. आपण रंग जुळवत नाही, वीस जणांना घरी पोचवतो. एवढं डोक्यात शिरलं की अर्धं काम झालं.

क्यूब उघडला तर आत सत्ताविसावा ठोकळा नसतो, हेही मला तेव्हाच कळलं. मधे फक्त आसांचा सांगाडा. कडेचे ठोकळे आपल्या जिभा मधल्यांच्या खाली अडकवतात, कोपऱ्याचे कडेच्यांच्या खाली. सगळे एकमेकांना धरून. एर्नो रुबिक नेमका याच्याच मागे होता. १९७४ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, हा गृहस्थ बुडापेस्टच्या उपयोजित कलांच्या संस्थेत शिकवत होता. भाग स्वतंत्र फिरावेत पण एकूण वस्तू सुटी होऊ नये, असं काही बनवता येईल का, हा त्याचा प्रश्न. लाकडाचे तुकडे, रबरबँड, कागदाच्या क्लिपा घेऊन त्यानं खटपट केली. मग बाजूंना रंग दिले, चार वळणं घेतली, आणि परत जाण्याचा रस्ता हरवला. स्वतःच बनवलेलं कोडं सोडवायला त्याला महिन्याहून जास्त काळ लागला. हे वाचल्यापासून माझी मान बरीच वर झाली आहे.

परतीचा रस्ता का हरवतो, ते मोजदादीत दिसतं. आठ कोपरे आठ जागी बसवण्याच्या रीती ४०,३२०. बारा कडांच्या ४७,९०,०१,६००. ही मोजण्याची हौस आपल्याकडे जुनी. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं अदलून बदलून किती मूर्ती होतील हे विचारून उत्तर ३६,२८,८०० दिलंय. क्यूबमध्ये त्यावर आणखी प्रत्येकाचं तोंड कुठे हाही हिशेब. सगळं धरून आकडा होतो ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,०००. विश्वाच्या जन्मापासून कुणी दर सेकंदाला एक नवी रचना बघत आला असता, तर आजवर त्याची जेमतेम शंभरातली एक बघून झाली असती. आणि तरीही कुठलीही रचना वीस किंवा त्याहून कमी वळणांत सुटते. अर्धा फेरा हेही एकच वळण धरायचं. २०१० साली चार अभ्यासकांनी गूगलच्या संगणकांवर, एकाच यंत्राला ३५ वर्षं पुरेल इतकं काम करून घेऊन, ते सिद्ध केलं. १९८२च्या बुडापेस्टमधल्या जागतिक स्पर्धेत मिन्ह थाईनं क्यूब २२.९५ सेकंदांत सोडवला, २०२३मध्ये मॅक्स पार्कनं ३.१३ सेकंदांत. आपण मात्र शंभराहून जास्त वळणं घेत, जीभ बाहेर काढून, थर थर रचत जाणारे.

रीत सोपी आहे. आधी पांढरी फुली, मग पांढरे कोपरे, मग मधला थर, मग पिवळी बाजू वर धरून शेवटचा थर. पाठांतर थोडं, सराव जास्त. खरी अडचण एकच: एक थर बसल्यावर पुढचं काहीही करायचं तर बसलेलं हलवावं लागतं. हात अडखळतो. फडताळात मागचा डबा काढायचा असेल तर पुढचा बाजूला ठेवायचा, काम करायचं, पुढचा परत जागेवर ठेवायचा. क्यूबच्या सगळ्या युक्त्यांचा गाभा हाच. उजवी खाली आणून पुन्हा वर का न्यायची, हे मला फडताळानंच समजावलं.

आणि मग एके दिवशी माझ्या हातून भाचीचा क्यूब पडला. फरशीवर ठोकळे ठणठण उडाले, एक सोफ्याखाली गेला. ती शाळेतून यायच्या आत मी सगळे गोळा केले, पुसले आणि दाबून दाबून जसे बसतील तसे बसवले. विस्कटलेलाच होता, कुणाला कळणार!

रात्री मीच तो सोडवायला घेतला. शेवटच्या पायरीपर्यंत आलो. या पायरीला पिवळे कोपरे आपल्या जागी असतात, पण तोंडं वाकडी. तेव्हा तोच मंत्र आरशात बघितल्यासारखा करायचा: उजवी खाली, तळाची डावीकडे, उजवी वर, तळाची उजवीकडे. समोरचा उजवा कोपरा सरळ होईपर्यंत, दोनदा किंवा चारदा. मग फक्त वरचा थर फिरवून पुढचा वाकडा कोपरा त्याच जागी आणायचा आणि पुन्हा तेच. इथे खालचा सगळा संसार उद्ध्वस्त दिसतो, नवशिके इथेच घाबरून सोडतात. भाची सांगते, "घाबरायचं नाही, शेवटी येतं." त्या रात्री ते आलंच नाही. पिवळी बाजू पूर्ण, खाली मोडतोड.

तिनं क्यूब हातात घेतला, फिरवून बघितला आणि विचारलं, "मामा, पाडलास ना?"

तिला कसं कळलं, ते समजायला मला दोन दिवस लागले. कुठलंही वळण कोपऱ्यांची तोंडं वळवतं ती अशा हिशेबानं, की सगळ्यांचं वळणं मिळून नेहमी पूर्ण फेरेच होतात. एक कोपरा तिसरा हिस्सा वळला, तर दुसरा कुणीतरी उलटा वळणार, किंवा तिघे मिळून एक फेरा भरणार. एकटा कोपरा वाकडा असूच शकत नाही. म्हणून शेवटच्या पायरीत दोन आणि चार मिळून सहा होतात, किंवा दोन-दोन-दोन सहा, किंवा तीन वेळा चार म्हणजे बारा. प्रत्येक वेळी सहाची पटच. आणि सहाव्या फेरीला तर सगळे घरी येतात! खालचा थर परत जुळतो तो यामुळे. मी मात्र ठोकळे अंदाजानं बसवताना एक कोपरा वाकडा दाबला होता. माझी बेरीज चारवरच थांबली. सुटे केलेले ठोकळे डोळे मिटून बसवले तर क्यूब सुटण्याजोगा निघण्याची शक्यता बारात एक. बाकी अकरा वेळा कितीही हुशार माणूस बसवा, जन्मभर फिरवत बसेल.

भाचीनं काही हिशेब केला नाही. अंगठ्यानं तो कोपरा जोर लावून जागच्या जागी पिळला, कट् असा आवाज झाला, आणि क्यूब माझ्याकडे सरकवला. "आता अजून दोनदा कर."

उजवी खाली, तळाची डावीकडे.