पट्टी रस्त्यात, पाणी कुठे?

वसईच्या वाडीत केळी, सोनचाफा आणि पानवेल बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, पाण्यावर जगतात. रस्ता रुंद करताना काठाची पट्टी गेली आणि तिच्यात बावखल बुजले, तर उरलेली वाडीही सुकते. म्हणून मोबदला केवळ चौरस मीटरवर ठरू नये. 2013चा भूसंपादन कायदा हे ओळखतो: बाजारभावाखेरीज झाडे, उभे पीक आणि जमीन तुटल्याने उरलेल्या भागाचे नुकसान धरायचे, शिवाय शंभर टक्के दिलासा रक्कम द्यायची. मात्र 1966च्या नगररचना कायद्याच्या कलम 126नुसार संमतीने जमीन घेऊन रोखीऐवजी टीडीआरही (हस्तांतरणीय विकास हक्क) देता येतो. तो बिल्डरला विकल्याशिवाय शेतकऱ्याच्या हाती पैसा येत नाही आणि बावखलाची भरपाई त्यात मोजली जात नाही.

महापालिकेची तिजोरी तोकडी आहे, रोखीचा हट्ट धरला तर वाहतूक कोंडी सुटणार नाही, हा आक्षेप खरा आहे. रस्ता हवाच. पण टीडीआर संमतीचा सौदा आहे. संमती नसेल तर रीतसर भूसंपादनच करावे लागते. आधी पंचनामा करून पाणी, झाडे, वहिवाट नोंदवली आणि दोन्ही पर्याय आकड्यांसह मांडले, तर संमती लवकर मिळेल. कोर्टात अडकलेला रस्ता सर्वांत महाग पडतो.