तीन दरवाजातून जामा मशिदीकडे

अहमदाबादची जामा मशीद पाहायची तर भद्र किल्ल्यापासून चालत निघावं. रिक्षावाला माणेकचौकाच्या गर्दीत आणून सोडतो, आपण थेट पटांगणात शिरतो आणि सुलतान अहमदशहाने १४११ मध्ये वसवलेल्या या शहराची आखणी नजरेतून निसटते. साबरमतीच्या काठाशी किल्ला, त्याच्यासमोर शाही स्वाऱ्यांचं मैदान, मैदानाच्या टोकाला तीन कमानींचा तीन दरवाजा आणि तिथून थोडं पुढे उजव्या हाताला मशीद. मशिदीच्या पूर्वेच्या दाराबाहेर खुद्द अहमदशहाची कबर आहे आणि रस्ता ओलांडला की राण्यांच्या कबरी. मैदानाची जागा आता कपड्यांच्या, चपलांच्या, खेळण्यांच्या गाड्यांनी घेतली आहे. तरी ही रांग एका माणसाच्या मनातली आहे, हे पावलागणिक जाणवतं.

तीन दरवाजापाशी मराठी माणसाने थांबायलाच हवं. १७५८ पासून १८१७ पर्यंत हे शहर मराठ्यांकडे होतं. पेशवे आणि गायकवाड इथला महसूल वाटून घेत. त्या काळातला एक देवनागरी शिलालेख या दरवाजावर आहे. मराठी सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने १० ऑक्टोबर १८१२ रोजी काढलेली ही आज्ञा. आशय असा की, वडिलांच्या मालमत्तेत मुलीला तिचा वाटा बिनतक्रार द्यावा. जो देणार नाही तो हिंदू असेल तर महादेवाला आणि मुसलमान असेल तर अल्ला-रसुलाला जबाब देईल. एकाच दगडावर दोन्ही धर्मांच्या बापांना तंबी! मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सेदार करणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली आली आणि देशभर २००५ साली. मराठ्यांच्या गुजरातेतल्या स्वाऱ्या, चौथाई, लूट यांबद्दल आपण वाचलेलं असतं. ते खरंच आहे. पण या दगडाबद्दल मी शाळेत कधी काही ऐकलं नव्हतं, आणि अहमदाबादेत सहली नेणाऱ्यांनी तो दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मशिदीचं बांधकाम १४२४ मध्ये पूर्ण झालं. पायऱ्या चढून आत गेलं की सुमारे ७५ मीटर लांब आणि ६६ मीटर रुंद फरसबंद पटांगण पसरलेलं दिसतं. तीन बाजूंना ओवऱ्या, मध्ये वजूचा, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचा हौद, आणि पश्चिमेला पिवळसर वालुकाश्मातलं नमाजाचं दालन. चपला दाराशीच काढायच्या. उन्हाळ्यात दुपारी फरशी अशी तापते की अंथरलेल्या पट्टीवरूनच चालावं लागतं. प्रवेशाला तिकीट नाही. डोकं आणि अंग झाकलेलं असावं, नमाजाच्या वेळी पाहुण्यांनी दालनाबाहेर राहावं आणि शुक्रवारची दुपार टाळावी. ही वापरातली मशीद आहे. पाच वेळा तिथे माणसं येतात ती स्थापत्य पाहायला नव्हे, हे लक्षात ठेवलं की कसं वागायचं ते वेगळं शिकवावं लागत नाही. फोटो काढताना नमाजी माणूस चौकटीत येत असेल तर मोबाइल खाली घ्यावा, एवढं तरी आपण करावंच.

दर्शनी भागातल्या मुख्य कमानीच्या दोन्ही अंगांना मिनारांचे नुसते बुंधे उरले आहेत. १६ जून १८१९ च्या कच्छच्या भूकंपात वरचे मजले कोसळले. ते उभे असताना एक मिनार हलवला की दुसरा आपोआप डोलायचा, असं जेम्स फोर्ब्ससारख्या इंग्रज प्रवाशाने लिहून ठेवलं आहे. बहुतेक लोक ही गोष्ट ऐकून वर पाहत राहतात. मी सांगेन, खाली पाहा. बुंध्यावरचे थर, त्यांच्या कण्या, पुढे आलेले कोपरे हे सगळं गुजरातेतल्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीसारखं आहे, अगदी देवकोष्ठांसकट. फक्त कोष्ठात मूर्ती नाही. तिच्या जागी वेल आहे, पानाफुलांची जाळी आहे. जवळ जाऊन एक कोनाडा नीट पाहिला तर कळतं की कारागिराने त्याच्या खांबिका आणि वरचा मुकुट देवळातल्यासारखाच घडवला आणि मधल्या जागेसाठी नवं काही शोधून काढलं. नव्या मालकाचा नियम त्याने पाळला, हात मात्र आपलाच ठेवला. मला या मशिदीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

देवळांचे खांब इथे आणून बसवले का, हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. भद्रजवळच्या अहमदशहाच्या १४१४ च्या मशिदीत देवळांतून आणलेले खांब सरळ ओळखू येतात. एकावर तेराव्या शतकातला लेखही आहे. दहा वर्षांनी पुऱ्या झालेल्या जामा मशिदीची गोष्ट वेगळी आहे. तिथलं काम एका आराखड्याने, एका मापाने उभं राहिलेलं आहे. मोडलेल्या देवळाचं दुःख आणि घडवलेल्या मशिदीचं कौतुक या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि अहमदाबादेत त्या पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर शेजारी शेजारी दिसतात. एकीसाठी दुसरी झाकायची गरज नाही.

दालनात २६० खांब आहेत आणि छतावर पंधरा मोठे घुमट, पाच-पाचच्या तीन ओळींत. समोरून कमानी दिसतात, पण आत शिरल्यावर छताचा भार पेलतात ते खांब आणि आडव्या तुळयाच. मोठ्या कमानीच्या मागे दोन सडपातळ खांबांमध्ये तोरणासारखी नक्षीदार कमान तोलून धरली आहे. ही कल्पनाही देवळातूनच आलेली. दगडी तुळईला फार लांबची झेप घेता येत नाही, म्हणून खांब जवळजवळ. एवढ्या दाट खांबांच्या रानात खरं तर अंधार कोंडायला हवा होता. तो कोंडत नाही, कारण मधला भाग बाजूच्या छतापेक्षा उंच, तीन मजल्यांचा केला आहे. वरच्या मजल्यांना सज्जे आहेत आणि कडेने जाळ्या. ऊन आधी शेजारच्या छतावर पडतं, तिथून परावर्तित होऊन जाळ्यांतून आत येतं. वारा वाहतो, पाऊस बाहेर राहतो आणि कडक ऊन कधीच थेट अंगावर येत नाही. स्थापत्याचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन याने या रचनेची मुक्तकंठाने वाखाणणी केली. त्याच्याबरोबर वेरूळ-अजिंठ्यावर काम करणाऱ्या जेम्स बर्जेसने पुढे अहमदाबादच्या मुस्लिम वास्तूंवर दोन खंड लिहिले, १९०० आणि १९०५ मध्ये. आपल्या लेण्यांवर नजर तयार झालेला माणूस इथे इतका रमला, याचं मला नवल वाटत नाही.

पूर्वेच्या दारातून बाहेर पडलं की बादशाहनो हजीरो, म्हणजे अहमदशहाची कबर. कबरीच्या मुख्य खोलीत पुरुषांनी डोकं झाकून जायचं, स्त्रियांना आत प्रवेश नाही. स्त्रियांसाठीचे नियम ठिकठिकाणी बदलतात, म्हणून दाराशी विचारून घेणं बरं. समोर राणीनो हजीरो, राण्यांच्या कबरी. त्याच्या भोवती चणिया-चोळी, मेंदी आणि मुखवासाचा बाजार.

सवड असेल तर इथून परत भद्रकडे यावं आणि लाल दरवाजाजवळची सिदी सय्यदची मशीद पाहावी. ही १५७२-७३ ची. सिदी सय्यद हा हबशी. सुलतान मुझफ्फर तिसरा याच्या एका सरदाराच्या पदरी असलेला. जंजिऱ्याच्या सिद्दींमुळे आणि मलिक अंबरमुळे हबशी आपल्याला परके नाहीत. १५७२ च्या नोव्हेंबरात अकबर अहमदाबादेत शिरला आणि गुजरातची सल्तनत संपली. म्हणजे सल्तनतीच्या शेवटच्या घटकेला हे काम चाललं होतं. अर्धवर्तुळाकार चौकटींत दहा जाळ्या आहेत. त्यांतल्या पश्चिमेच्या भिंतीतल्या दोन जगप्रसिद्ध. एकीत एकच झाड सबंध कमानभर फांद्या पसरून उभं आहे. ते झाड अखंड शिळेत कोरलेलं वाटतं, पण जाळी अनेक तुकड्यांची आहे आणि सांधे फांद्यांच्या वळणांत लपवले आहेत. इंग्रजांनी या वास्तूत मामलतदार कचेरी थाटली होती. विजापुरातही तेव्हा एका मशिदीत टपाल कार्यालय होतं, दुसरीत डाक बंगला. लॉर्ड कर्झनने ती बिऱ्हाडं हलवली आणि १९०४ मध्ये प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा केला. अहमदाबादच्या आयआयएमच्या बोधचिन्हाची प्रेरणा सिदी सय्यदच्या मशिदीतल्या जाळीची.

दोन्ही प्रसिद्ध जाळ्या पश्चिमेच्या भिंतीत असल्यामुळे उतरतं ऊन त्यांतून आत येतं. दिवाळीच्या सुमारास अहमदाबादेत सूर्य सहाच्या आसपास मावळतो, आणि मगरिबची नमाज त्यानंतर लगेच असते. तेव्हा असरची, म्हणजे दुपारनंतरची नमाज आटोपली की आत जावं आणि मगरिबची अजान होण्याआधी बाहेर यावं. आत जाता येत नसेल तर त्याच जाळ्या मागच्या रस्त्यावरूनही दिसतात.