चिखलात फसलेला ट्रक आणि आपला माल

आम्हा कापडवाल्यांना पावसाळा म्हणजे पोळा-दसऱ्याच्या मालाची घाई. चंद्रपूरहून आलापल्ली, भामरागड, सिरोंच्याकडे गाठी पाठविणाऱ्या व्यापारी बांधवांना माहीत आहे की, सौदा करणे सोपे, माल पोहोचविणे कठीण. २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क वारंवार तुटला. पूर निदान डोळ्यांना दिसतो. डांबराच्या कडेची मऊ माती दिसत नाही. समोरच्या गाडीला वाट देताना मागचे चाक खाली उतरले की ट्रक फसलाच.

अशा वेळी ड्रायव्हर जोराने रेस देतो. नेमके हेच करू नये. डिफरन्शियलची रचनाच अशी की, ज्या बाजूला पकड नाही तेच चाक गरगर फिरते, दुसरे जागचे हलत नाही. फिरणारे चाक स्वतःचा खड्डा खोदते, आणि मागचे हाऊसिंग जमिनीला टेकले की ट्रॅक्टरशिवाय इलाज नाही. लडाखच्या बर्फातही न्याय हाच. तिथे चाकांना साखळ्या बांधतात, इथे मुरूम आणि फांद्या.

आधी फावड्याने चाकांपुढचा चिखल काढून उतार करावा. जॅकखाली जाड फळी हवी, नाहीतर जॅकच आत जातो. चाकाखाली गिट्टी, मुरूम दाबून भरावा, पुढची चाके सरळ ठेवावीत आणि खालच्या गिअरमध्ये क्लच हळू सोडावा. दुसऱ्या गाडीने ओढताना वायररोपजवळ कोणी थांबू नये. तुटला तर जीव घेतो.

तरीही न निघाल्यास माल उतरवून वजन कमी करावे. इथे काही शेठ मंडळींची कंजुषी नडते. हमाली वाचावी म्हणून ते ड्रायव्हरला मनाई करतात. मग ट्रक रात्रभर पावसात उभा, ताडपत्रीतून पाणी झिरपते, आणि रंग फुटलेली, बुरशी धरलेली लुगडी आठवडी बाजारात अर्ध्या भावातही कोणी घेत नाही. आमचे मत असे की, गाडी निघतानाच हमालीचे पैसे, जादा ताडपत्री, गाठींखाली घालायला फळ्या आणि माल उतरविण्याची परवानगी ड्रायव्हरच्या हाती द्यावी.

माल भिजून आलाच तर पोच देताना पावतीवर तसे लिहून घ्यावे. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याप्रमाणे ट्रान्सपोर्टवाल्यावर दावा करायचा असल्यास बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नुसत्या तोंडी तक्रारीला कोर्टात किंमत नाही.