नागूरचा नवस, तंजावरचा मनोरा

तंजावरच्या राजवाड्यात पाऊल टाकलं की मराठी पाहुण्याची छाती फुगते. घराच्या इतक्या दूर भोसल्यांचा दरबार, सरस्वती महाल ग्रंथालय, मोडीतले दप्तर! पण या घराण्याची एक आगळी खूण राजवाड्यापासून ऐंशीएक किलोमीटरवर, समुद्राकाठच्या नागूरला आहे. तिथल्या दर्ग्याला पाच मनोरे आहेत. त्यातला सर्वांत उंच, १३१ फुटांचा, बांधला तो तंजावरचे राजे प्रतापसिंह भोसले यांनी. एका फकिरासाठी हिंदू राजानं एवढा मनोरा का उभारावा?

माणिकपूर ते नागूर

हा फकीर म्हणजे हजरत सय्यद शाहुल हमीद कादिर वली. तामिळनाडूचे भाविक त्यांना ‘नागूर आंडवर’ म्हणतात. सोळाव्या शतकात आजच्या उत्तर प्रदेशातल्या माणिकपूरला त्यांचा जन्म झाला. बगदादचे थोर सूफी अब्दुल कादिर जिलानी यांच्या तेराव्या पिढीतले ते, अशी श्रद्धा आहे. ग्वाल्हेरला मुहम्मद घौस त्यांचे गुरू. यांच्याच मकबऱ्याशेजारी आज तानसेनाची समाधी आहे.

पुढे मक्केची यात्रा झाली. मग मालदीव, श्रीलंका असा प्रवास करत ते तामिळ किनाऱ्यावर उतरले. स्वतः आजन्म अविवाहित. सोबत मानसपुत्र युसूफ. लाहोरच्या एका निपुत्रिक जोडप्याला त्यांच्या आशीर्वादानं झालेलं हे पहिलं मूल, आणि ते फकिराच्या पदरात घालायचं असा शब्द आधीच दिलेला, अशी कथा सांगतात. दर्ग्याची व्यवस्था पाहणारी घराणी आपला वंश या युसूफपासूनच मोजतात.

टाचण्या टोचलेलं कबूतर

मराठे येण्याआधी तंजावरवर नायकांचं राज्य होतं. त्या काळातली आख्यायिका अशी : राजा अच्युतप्पा नायक अंथरुणाला खिळला होता. वैद्य थकले, मंत्रतंत्र झाले, गुण येईना. शेवटी या फकिराला बोलावणं गेलं. त्यांनी राजाची नाडी पाहण्याऐवजी राजवाडाच शोधायला लावला. एका कोपऱ्यात कबूतर सापडलं. अंगभर टाचण्या टोचलेलं, पण जिवंत! कुणीतरी राजावर करणी केली होती. फकिरांनी हलक्या हातानं एकेक टाचणी उपसली. टाचणी निघत गेली तसतसा राजाचा त्रास उतरत गेला.

राजानं दोनशे एकर जमीन देऊ केली. नागूरच्या वस्तीचं मूळ हे दान, असं मानतात. कबुतराची आठवण म्हणून भाविक आजही दर्ग्यात कबुतरं सोडतात. खरंखोटं इतिहासकार पाहोत. पण राजाची व्याधी बरी करायची तर आधी मुक्या पाखराच्या वेदना दूर करायच्या, हे त्या कथेचं मर्म भाविकांना नेमकं उमगलं आहे.

डळमळती गादी

१५७०च्या सुमारास शाहुल हमीद निवर्तले. शंभरएक वर्षांनी व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि नागूर मराठ्यांच्या राज्यात आलं. प्रतापसिंह गादीवर बसले ते १७३९ साली. त्याआधीची तीन वर्षं दरबारात नुसती उलथापालथ चालली होती. घरात भाऊबंदकी, बाहेर चढाया. अशा काळात वारस हवाच! पुत्रासाठी प्रतापसिंहांनी नागूरला नवस बोलला आणि तो फळल्यावर हा मनोरा बांधला, असं सांगतात. त्यांच्यानंतर १७६३मध्ये मुलगा तुळजाजी गादीवर आला.

मनोऱ्यांपलीकडे

दर्याचे प्रवासीही या संताला आपला मानतात. हजामत चालू असताना फुटलेल्या गलबताची हाक कानी आली आणि त्यांनी हातातला आरसा भिरकावला. तो भोकावर बसला आणि गलबत तरलं, अशी कथा आहे. ती घेऊन तामिळ व्यापारी परदेशी गेले. सिंगापूरच्या तेलोक आयर रस्त्यावर १८२८ ते १८३० दरम्यान नागूरच्या दर्ग्याची प्रतिकृती उभी राहिली.

दरवर्षी चौदा दिवसांचा कंदूरी उत्सव भरतो. नागपट्टणमहून चंदनाची मिरवणूक रातोरात नागूरला येते आणि मजारीला लेप लावला जातो. गर्दीत हिंदू-मुसलमान दोन्ही असतात. कुणी जावळ काढायला आलेलं, कुणी आजारी अवयवाचा चांदीचा छाप वाहायला. त्यांच्या डोक्यावर प्रतापसिंहांचा मनोरा उभा असतो. आपल्या राज्यातल्या संताकडे राजानंही पदर पसरला होता, हे सांगत!