सीमेवरील झडती आणि अदृश्य धन

कोल्हापुराहून रत्नागिरीस जाणारा रस्ता शाहूवाडी तालुक्यांतील मलकापूर व आंबा हीं गांवें ओलांडून घाटांत उतरतो. रोकड घेऊन असे घाट उतरणें पूर्वींच्या व्यापाऱ्यांस धोक्याचें वाटे. म्हणून ते पेढीवर हुंडी करीत. दर्शनी हुंडी दाखवितांच परगांवीं पैसे मिळत. मुदती हुंडीचे मुदत भरल्यावर मिळत. वाटेंत झडती झालीच, तर सांपडे तो केवळ कागद. आजच्या बिटकॉइनला तो कागदहि लागत नाहीं.

२००९ सालीं सुरू झालेलें हें चलन कोणाच्या खिशांत नसतें. जगभरच्या अनेक संगणकांवर एकच खतावणी ठेविलेली असते आणि प्रत्येक व्यवहार तींत नोंदला जातो. मालकापाशीं असते ती गुप्त किल्ली. बहुधा ती बारा किंवा चोवीस शब्दांच्या मालिकेवरून पुन्हां सिद्ध करितां येते. ते शब्द ज्यास मुखोद्गत आहेत, तो रिकाम्या हातांनीं सीमा ओलांडूं शकतो.

मग सरकारास सांगावयाचें काय व कोठें? भारतांत येणाऱ्या प्रवाशापाशीं ५,००० डॉलरांहून अधिक मूल्याच्या परकी नोटा, किंवा नोटा व प्रवासी धनादेश मिळून १०,००० डॉलरांहून अधिक रक्कम असल्यास सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढें लेखी निवेदन करावें लागतें. हा नियम सामानांतून नेतां येणाऱ्या पैशाचा आहे. जें सामानांत नाहीं, त्याचा पहारा सरकारानें हिशेबावर बसविला. १ एप्रिल २०२२ पासून अशा धनाच्या नफ्यावर शेंकडा ३० कर बसला. त्याच वर्षीं १ जुलैपासून, ठराविक मर्यादेपलीकडील विक्रीच्या रकमेंतून शेंकडा १ कापून घेण्याचा नियम आला. ७ मार्च २०२३ रोजीं हा व्यापार करणाऱ्या पेढ्या काळा पैसा रोखणाऱ्या २००२ च्या कायद्याखालीं आल्या. ग्राहकाची ओळख पटविणें त्यांस बंधनकारक झालें.

खतावणींत नांव नसतें, म्हणून सर्व कांहीं गुप्त राहतें, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. जमिनींत पुरलेला हंडा कोणास दिसत नाहीं. हें धन मात्र कांचेच्या पेटींत असतें, फक्त पेटीवर मालकाचें नांव नसतें. पेढीच्या दप्तरावरून एकदां तें नांव कळलें, कीं मागील व्यवहारांचाहि माग लागूं शकतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. परंतु तो निरंकुश आहे, असें म्हटलें नाहीं. म्हणून हिशेब देणें आणि किल्ली देणें यांतील भेद जाणावा. प्राप्तिकराच्या विवरणपत्रांत खरेदीविक्रीच्या तारखा व रकमा विचारल्या जातात. गुप्त शब्द विचारले जात नाहींत. परदेशांत नोकरी करून शाहूवाडीस परतणाऱ्या तरुणानें हिशेब चोख लिहून ठेवावा आणि शब्द कोणासहि सांगूं नयेत. हुंडी गहाळ झाली, तर पेढीवर जाऊन पेठ मागतां येई. हे शब्द एकदां परक्या हातीं गेले, तर दाद मागावयास पेढीच नाहीं.