डिझेल पिकअप आणि ऑटोमॅटिक गिअर : भरवसा किती ठेवायचा?

(खोपट, ठाणे येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

खोपटमध्ये येऊन गिअरबॉक्सवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे. इथे एसटीचा डेपो आहे, आजूबाजूला गॅरेजं आहेत. इथल्या टपरीवर चहा पिणाऱ्या माणसालाही क्लच प्लेट जळाल्याचा वास ओळखता येतो. त्यामुळे मॅन्युअल गिअरबद्दल मी तुम्हाला काही शिकवणार नाही. आजचा विषय ऑटोमॅटिकचा, आणि तोही डिझेल पिकअपमधला.

विषयाची पाटी वाचून दोन प्रकारची मंडळी आलेली दिसतात. एक, ज्यांनी टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस घेतली आहे किंवा घ्यायची आहे. दुसरे, भिवंडीच्या गोदामांतून नाहीतर कल्याणच्या बाजार समितीतून माल उचलणारे. या दुसऱ्यांच्या गाड्या, म्हणजे बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त, या मॅन्युअलच येतात. पण दिवसभर क्लच दाबून गुडघा गेला, उद्या ऑटोमॅटिक आली तर घेऊ का, हे त्यांचंच विचारणं आहे. आणि गाडी हप्त्यावर असेल तर हा चैनीचा प्रश्न राहत नाही. गाडी आठवडाभर उभी राहिली तर हप्ता कुठून भरायचा?

आधी एक समज काढून टाकू. ‘ऑटोमॅटिक नाजूक असतो, डिझेलची ताकद त्याला सोसत नाही.’ 2022 साली आपल्याकडे आलेल्या हायलक्सचे आकडे बघा. इंजिन तेच, 2.8 लिटरचं. मॅन्युअलला टॉर्क 420 न्यूटन-मीटर, ऑटोमॅटिकला 500. चाकणला बनणारी स्कॉर्पिओ-एन घ्या. तिच्या 175 पीएसच्या डिझेलमध्ये मॅन्युअलला 370 आणि ऑटोमॅटिकला 400. म्हणजे कंपनीने जास्तीची ताकद ऑटोमॅटिकच्या हवाली केली आहे. नाजूक वस्तूच्या खांद्यावर कोणी जास्त ओझं देत नाही.

मग ही बदनामी आली कुठून? बरीचशी अमेरिकेतून आली, आणि तिथे ती खोटी नव्हती. 1989 च्या मॉडेलपासून डॉजने आपल्या पिकअपमध्ये कमिन्सचं 5.9 लिटरचं डिझेल इंजिन बसवलं. इंजिन मूळचं कामाच्या यंत्रांसाठीचं, दणकट. पण त्याच्यामागे ऑटोमॅटिक जोडला तो तीन गिअरचा, ज्याचं मूळ 1962 सालच्या पेट्रोल गाड्यांतलं. डिझेल खालच्या आरपीएमलाच पूर्ण जोर लावतं आणि तो जोर झटक्यांनी येतो. पुढे गिअर वाढले, सुधारणा झाल्या, तरी इंजिन गिअरबॉक्सला जुमानेना, ही तक्रार अनेक वर्षं राहिली. मग 2001 मध्ये जनरल मोटर्सने आपल्या 6.6 लिटरच्या डिझेल पिकअपला ॲलिसनचा ऑटोमॅटिक दिला. ॲलिसन ही बस-ट्रकचे गिअरबॉक्स करणारी कंपनी. त्या जोडीचं नाव चांगलं झालं. दोन्हीकडे ऑटोमॅटिकच होता, बरं का. फरक एवढाच की एक कामासाठी बनवलेला आणि दुसरा उसना आणलेला.

आता पोटात काय चालतं ते बघू. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरायला लागतो. टॉर्क कन्व्हर्टर हेच करतो, फक्त हवेऐवजी तेलाने. म्हणून क्लच न दाबता गाडी गिअरमध्ये उभी राहू शकते, आणि डिझेलचे झटके तेलातच विरतात. गाडीने वेग धरला की कन्व्हर्टरच्या आतला एक क्लच दोन्ही पंखे एकमेकांना बांधून टाकतो. त्याला लॉक-अप म्हणतात. लॉक-अप झाला की घसरण संपली. तोपर्यंत मात्र इंजिनच्या शक्तीतला एक हिस्सा तेल घुसळण्यात जातो आणि त्याची उष्णता होते.

किती होते? घोडबंदर रोडचा गायमुख घाट डोळ्यांपुढे आणा. पाऊस, खड्डे, पुढे बंद पडलेला ट्रेलर. भरलेली पिकअप रांगत रांगत चढते आहे, लॉक-अप होण्याइतका वेग नाही. समजा इंजिन 20 किलोवॅट देतंय आणि त्यातला पाचवा हिस्सा तेलात जातोय. झाले 4 किलोवॅट. घरातला मोठा गीझर 2 किलोवॅटचा असतो. म्हणजे दोन गीझर त्या आठ-दहा लिटर तेलात सोडल्यासारखं झालं, आणि गाडी हळू असल्यामुळे कूलरवर वाराही नाही. ऑटोमॅटिक मरतो तो इथे. समृद्धीवर 100 च्या वेगाने जाताना त्याला काहीच कष्ट नसतात.

तेलाचा एक ढोबळ ठोकताळा आहे. 80 अंशांच्या वर तापमान दर दहा-अकरा अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य निम्मं होतं. आणि हे तेल तीन कामं करतं. जोर पोचवतं, आतले क्लच दाबून धरतं आणि वंगण देतं. ते जळून पातळ झालं की दाब पडतो, क्लच घसरतात, घसरले की आणखी तापतात. ड्रायव्हर सांगतो, ‘इंजिन ओरडतंय पण गाडी उचलत नाही.’ तोवर बराच उशीर झालेला असतो.

कधी कधी गिअरबॉक्स बिचारा निर्दोष असतो. निस्सानच्या 2005 ते 2010 च्या पाथफाइंडर आणि फ्रंटियर गाड्यांत, आणि फ्रंटियर ही पिकअपच, गिअरच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या आत होता. तो आतून फुटायचा, कूलंट तेलात मिसळायचं, आणि कागदी अस्तराच्या क्लच प्लेटांचा डिंक सुटायचा. अमेरिकेत त्यावर खटला झाला. त्या गाड्या पेट्रोलच्या होत्या, पण धडा डिझेललाही लागू आहे. गिअरबॉक्स निकामी झाला तो एका रेडिएटरपायी! आपल्याकडे पाणी दुसऱ्या वाटेनेही शिरतं. पावसाळ्यात गाडी खोल पाण्यात घातली की गरम गिअरबॉक्स एकदम गार होतो आणि श्वासनळीतून, म्हणजे ब्रीदरमधून, पाणी आत ओढतो. तेल गुलाबी दुधासारखं दिसलं की गाडी तिथेच थांबवा. ‘घरापर्यंत जाऊ’ म्हणू नका.

तेल बदलायचं कधी? काही गाड्यांच्या बाबतीत सांगतात, ‘लाइफटाइम भरलंय.’ लाइफ कोणाचं, हे विचारायला हवं. तुमचं की वॉरंटीचं? माझं मत, भार वाहणाऱ्या गाडीचं तेल 50 हजार किलोमीटरच्या आत बदलावं, आणि जो ग्रेड पुस्तिकेत लिहिलाय तोच घालावा. ‘सगळ्याला चालतं’ असं तेल नको. बऱ्याच नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिकच नसते. पातळी ठराविक तापमानालाच बघावी लागते. म्हणून हे काम अंदाजाने करणाऱ्याकडे देऊ नये.

इथे माझा खरा आक्षेप येतो. तो यंत्रावर नाही, दुरुस्तीवर आहे. मॅन्युअलची क्लच प्लेट गेली तर खोपटातला मिस्त्री संध्याकाळपर्यंत गाडी हातात देतो. ऑटोमॅटिक क्वचित बिघडतो, पण बिघडला की बहुधा पूर्ण असेम्ब्लीच बदलायला सांगतात. पुरवठा हाही विश्वासार्हतेचाच भाग आहे. महिंद्राने 2008 मध्ये स्कॉर्पिओला सहा गिअरचा ऑटोमॅटिक दिला तो ऑस्ट्रेलियाच्या डीएसआय कंपनीचा. 2009 च्या सुरुवातीलाच ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि पुढे चीनच्या गीलीने घेतली. हजारो मैलांवरचा कारखाना डगमगला तर इथल्या गाडीवाल्याने पार्ट कोणाकडे मागायचा?

मघाशी एका काकांनी चिठ्ठी पाठवली : ‘ओतूरहून माळशेजमार्गे कल्याणला भाजी आणतो. ऑटोमॅटिक चालेल का?’ काका, उतारावर डी मध्ये टाकून नुसता ब्रेक दाबत आलात तर ब्रेक तापतील. मॅन्युअल मोडवर घेऊन खालचा गिअर धरा. न्यूट्रलमध्ये घरंगळायचं नाही. चढावर रांग लागली तरी खालचाच गिअर, म्हणजे इंजिन मोकळं फिरतं आणि घसरण कमी होते. बंद पडली तर धक्का स्टार्ट होत नाही. मागची चाकं जमिनीवर ठेवून दोरीने ओढायचीही नाही, कारण तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे आत वंगण बंद. फ्लॅटबेडच बोलवावा लागेल, आणि माळशेजला रात्री तो किती वेळात येईल ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. गाडी हे सगळं सोसेल. पण एकाच गाडीवर घर चालत असेल, तर आज मी तुम्हाला मॅन्युअलच सांगेन. दोन-तीन गाड्या असतील तर एक ऑटोमॅटिक घेऊन बघा.

आणि जुनी घेत असाल तर ‘ऑटोमॅटिक’ या शब्दावर जाऊ नका. 2014 च्या सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी आली. तीही दोन पेडलांची, पण आत नेहमीचीच क्लच प्लेट, फक्त यंत्र दाबतं. ती चढावर रांगली की प्लेटच जळते. व्ही-क्रॉस, हायलक्समधला गिअर कन्व्हर्टरचा आहे. तो बघायला सकाळी, गाडी थंड असताना जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत फिरा. ब्रेकवर पाय ठेवून डी टाका, मग आर टाका. लगेच पकड यायला हवी, दोन सेकंदांनी धक्का बसून नाही. थंड असतानाच रेडिएटरची टोपी उघडून कूलंटवर तेलाचा तवंग आहे का ते बघा. मग गायमुख चढून या, आणि उतरल्यावर तेलाचा नमुना काढायला सांगा. जळका वास आला तर भाव करत बसू नका.