रेडिओ-नियंत्रित गाडी मध्येच का थांबते?

रेडिओ-लहरींनी चालविली जाणारी विजेची छोटी गाडी पुष्कळदा एका विशिष्ट प्रकारे हट्ट करते. टेबलावर उचलून धरली तर चाके उत्तम फिरतात, सुकाणूही आज्ञा पाळते. मैदानात नेऊन वेग दिला की ती क्षणभर झेप घेते, अडखळते, पुढची चाके आपोआप थरथरतात आणि सगळा संच निपचित पडतो. दोन-तीन सेकंदांनी जणू काही घडलेच नाही अशा थाटात ती पुन्हा चालू लागते. अशा वेळी मुलाचा, आणि त्याच्या शिक्षकाचाही, पहिला संशय रेडिओवर जातो. नवा ग्राही विकत आणला जातो, मग नवा गतिनियंत्रक. आणि साठविलेले पैसे खर्चूनही दोष जागच्या जागी राहतो. वस्तुतः असा दोष पुष्कळ वेळा विजेच्या पुरवठ्यात असतो, आणि तो हुडकून काढण्यास फारशी साधने लागत नाहीत.

हे का घडते ते समजण्यासाठी जुन्या गाड्यांची रचना पाहणे उपयुक्त ठरेल. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये आपली पहिली रेडिओ-नियंत्रित गाडी, पोर्श ९३४, बाजारात आणली. त्या पिढीच्या गाड्यांत सामान्यतः दोन स्वतंत्र बॅटऱ्या असत: एक चाके फिरविणाऱ्या मोटरसाठी, दुसरी ग्राही व सुकाणू यांसाठी. वेग कमी-जास्त करण्याचे काम एक यांत्रिक रोध करी. तो तापे आणि बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाई. पुढे इलेक्ट्रॉनिक गतिनियंत्रक आला. त्याच्या पोटातच एक उपमंडल बसविलेले असते. ते मुख्य बॅटरीच्या दाबातून ५ किंवा ६ व्होल्ट दाब काढून ग्राहीस पुरविते. वजन वाचले, दुसरी बॅटरी हद्दपार झाली. परंतु त्याबरोबर मोटरची हाव आणि ग्राहीची भूक एकाच ताटावर येऊन बसली. एकाने ताट ओढले की दुसरा उपाशी राहतो.

ही ओढाताण किती मोठी असते हे ओहमच्या नियमावरून काढता येते. दोन लिथियम-पॉलिमर घटांची बॅटरी पूर्ण भारित असताना ८.४ व्होल्ट दाखविते. अर्ध्याहून थोडी अधिक वापरल्यावर सुमारे ७.६ व्होल्ट. जोरकस गाडी जागेवरून झेप घेताना क्षणभर ६० अँपिअर प्रवाह घेते असे धरू. घट जुने होऊन प्रत्येकाचा अंतर्गत रोध ०.०२ ओहम झाला असेल, तर दोन्ही घटांतच २.४ व्होल्ट खर्ची पडतात. एका जोडणीतील डाख नीट न बसल्याने तेथे आणखी ०.०२ ओहम असेल, तर आणखी १.२ व्होल्ट गेले. गतिनियंत्रकाच्या दाराशी उरले अवघे ४ व्होल्ट. त्यातून ग्राहीसाठी ५ व्होल्ट काढणे त्या बिचाऱ्या उपमंडलास शक्य नाही. शिवाय त्या एका जोडणीत त्या क्षणी ७२ वॅट उष्णता निर्माण होत असते. डाख देण्याचे साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते हे लक्षात घेतले म्हणजे जोडण्या वितळून सुटतात कशा, याचे आश्चर्य वाटणार नाही.

आजचा २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा ग्राही हा एक लहानसा संगणकच होय. दाब फार घसरला की तो बंद पडतो, दाब परतला की नव्याने सुरू होतो आणि आपल्या प्रेषकाचा शोध घेऊ लागतो. ते दोन-तीन सेकंद या शोधातच जातात.

म्हणून दोष दिसताच पहिला प्रश्न विचारावा तो हा: गाडी थांबली तेव्हा सुकाणू जिवंत होते काय? सुकाणू चालत असून केवळ मोटर थांबली असेल, तर ग्राही व रेडिओ शाबूत आहेत. गतिनियंत्रकाने घटांच्या रक्षणासाठी किंवा स्वतः फार तापल्यामुळे मोटर तोडली असेल. मोटरवरील दंतचक्र मोठे बसविल्यावर असा ताप हमखास वाढतो. सुकाणूही मेले असेल, तर दुसरा प्रश्न: दोष अंतराबरोबर येतो की वेगाबरोबर? गाडी दूर गेल्यावरच बिघडत असेल तर ॲंटेना तपासावी. ती पायाशी असताना, केवळ वेग देताच बिघडत असेल, तर पुरवठ्याकडे वळावे.

येथे मल्टीमीटर हाती घेणारे बहुतेक जण फसतात. स्वस्थ पडलेली बॅटरी मोजली तर थकलेले घटही योग्य दाब दाखवितात, कारण प्रवाहच नसेल तर अंतर्गत रोधात काहीच खर्च होत नाही. चाके हवेत ठेवून फिरविली तरी मोटर थोडाच प्रवाह घेते. साधा मल्टीमीटर प्रवाहमापक म्हणून मध्ये जोडण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. त्याची मर्यादा बहुधा १० अँपिअरची असते. त्यापेक्षा गाडी मिनिटभर जोरात पळवून आणावी, बॅटरी सोडवावी आणि प्रत्येक जोडणीजवळ बोट नेऊन पाहावे. इतरांहून अधिक ऊन असलेली जोडणी आपला पत्ता स्वतःच सांगते. चांगला डाख तारेच्या पिळात शिरून धातूवर पसरलेला दिसतो. वाईट डाख मण्यासारखा गोळा होऊन वर बसलेला असतो. कित्येक आधुनिक भारक प्रत्येक घटाचा अंतर्गत रोध मोजून दाखवितात. दोन घटांत मोठी तफावत आढळली, तर दोषी घट सापडला म्हणावयास हरकत नाही.

तरीही शंका उरल्यास एक निर्णायक प्रयोग करता येतो, आणि तो म्हणजे १९७६ ची रचना तात्पुरती परत आणणे. गतिनियंत्रकाकडून ग्राहीकडे तीन तारा जातात. त्यांतील मधली, बहुधा तांबडी, वीज नेते. ती प्लास्टिकच्या खोबणीतून हलकेच काढून तिचे टोक चिकटपट्टीने झाकावे, म्हणजे दोन पुरवठ्यांची गाठ पडणार नाही. मग पुन्हा भारित करता येणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइडच्या चार घटांची ४.८ व्होल्टची बॅटरी ग्राहीच्या बॅटरीसाठीच्या खाचेत जोडावी आणि गाडी पूर्ववत पळवावी. आता सुकाणू एकदाही मेले नाही, तर रेडिओ निर्दोष आहे. घट, जोडण्या किंवा उपमंडल यांपैकी कोणीतरी दोषी आहे. खात्रीची दुसरी बॅटरी लावताच गाडी सुधारली तर घट, न सुधारली तर उरलेली दोन. उलट दोष तसाच राहिला, तर ग्राही बदलण्यास आता काही आधार आहे.

काही जण ग्राहीच्या रिकाम्या खाचेत काही हजार मायक्रोफॅरडचे धारित्र बसवून मोकळे होतात. त्याने दाबातील क्षणिक खळगा भरून निघतो हे खरे. पण सदोष जोडणी आत तापतच राहते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा उपाय दोष सापडल्यानंतर करावा, त्याआधी नव्हे.

मोटरबाबत थोडक्यात एवढेच. ब्रश असलेल्या मोटरमधील ठिणग्या रेडिओत गोंगाट माजवितात. म्हणून तिच्या दोन अग्रांमध्ये आणि प्रत्येक अग्र व पत्र्याचे कवच यांमध्ये लहान धारित्रे डाखलेली असतात. त्यांतील एखादे तुटले नाही ना, ते पाहावे. ब्रशविरहित मोटर जागच्या जागी कुरकुरत थरथरली व फिरली नाही, तर तिच्या तीन तारांपैकी एक सुटली असण्याचा संभव मोठा.

हे सर्व करताना लिथियम-पॉलिमर घटांची मात्र भीती बाळगावी. त्यांची दोन टोके चुकून जुळली तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो. घट भोसकला किंवा प्रमाणाबाहेर भारित केला तर तो पेट घेतो. प्रत्येक घट ४.२ व्होल्टांच्या वर नेऊ नये, ३ व्होल्टांच्या खाली उतरू देऊ नये, आणि काही दिवस गाडी चालवावयाची नसेल तर सुमारे ३.८ व्होल्टांवर ठेवावा. भारित करताना तो न जळणाऱ्या पृष्ठभागावर, नजरेसमोर असावा. फुगलेला घट पुन्हा भारित करून पाहण्याचा प्रयोग कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत होऊ नये. तो वापरातून काढून इलेक्ट्रॉनिक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे सोपवावा.